किरणांची मात्रा व तिचा पडताळा

विद्यार्थीमित्रहो, गणिताच्या पेपरांत उदाहरण सोडवून झाल्यावर खालीं 'पडताळा' म्हणून दोन ओळी लिहावयाच्या असतात, हें तुम्हांस ठाऊक आहेच. बहुतेक मुलें त्या लिहीत नाहींत. वेळ पुरत नाहीं, उत्तर बरोबरच आहे असें वाटतें, आणि पडताळ्याला गुण तरी असे किती मिळणार, असा हिशेब मनांत असतो. आज ज्या विषयाची ओळख करून देण्याचें योजिलें आहे, त्यांत मात्र या दोन ओळींवर माणसाचें जगणें-मरणें अवलंबून असतें. कर्करोगावर किरणांनीं जो उपचार करतात, त्या किरणांची मात्रा ठरविणें, मोजणें आणि मोजलेली पुन्हां ताडून पाहणें, हा तो विषय होय. नांव ऐकून कोणी दचकूं नये. यांतील पुष्कळसें गणित सातवीच्या वर्गांतलें आहे. आणि मोठमोठ्या इस्पितळांत जेथें अनर्थ ओढवले, तेथेंहि चूक झाली ती बहुधा या सातवीच्याच गणितांत.

प्रथम उपचाराविषयीं थोडेंसें. इ. स. १८९५ च्या नोव्हेंबर महिन्यांत जर्मनींतील व्युर्त्सबुर्ग येथें प्रोफेसर रॉन्टगेन यांस क्ष-किरणांचा शोध लागला, व १८९८ सालीं पॅरिस येथें मादाम मारी क्यूरी आणि त्यांचे पति पिएर क्यूरी यांनीं रेडियम हें मूलद्रव्य शोधून काढलें. हे किरण शरीरांतील पेशींचा नाश करतात ही गोष्ट लवकरच ध्यानांत आली, आणि जो शत्रु म्हणून दिसला त्यालाच वैद्यांनीं चाकरीस ठेवलें. १९५१ सालीं कॅनडा देशांत कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचे किरण रोग्यांना देण्यास प्रारंभ झाला. आज बहुतेक मोठ्या रुग्णालयांतून लिनिअर ॲक्सिलरेटर नांवाचें विजेवर चालणारें यंत्र हें काम करतें. तेथील मंडळी त्याला थोडक्यांत लिनॅक म्हणतात. कोबाल्टचीं यंत्रेंहि आपल्या देशांत अद्याप चालू आहेत.

किरण कर्काच्या पेशींना तेवढे मारतात आणि निरोगी पेशींना सोडून देतात, अशी कित्येकांची समजूत असते. ती खरी नव्हे. किरणांना आपपर भाव नाहीं. वाटेंत येईल त्या पेशीच्या पोटांतील वंशसूत्रें ते तोडीत जातात. फरक इतकाच कीं, निरोगी पेशी आपली मोडतोड कांहीं तासांत बऱ्याच अंशीं दुरुस्त करते, आणि कर्काच्या पेशीला तें तितकेंसें साधत नाहीं. म्हणून सगळी मात्रा एकदम न देतां रोज थोडी, आठवड्यांतून पांच दिवस, याप्रमाणें पांच-सहा आठवडे देण्याचा प्रघात पडला. ही वाट सह्याद्रीच्या एखाद्या अरुंद सोंडेवरून जाणाऱ्या पायवाटेसारखी आहे. मात्रा थोडी कमी पडली तर कर्क पुन्हां डोकें वर काढतो. थोडी अधिक झाली तर पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जु, आंतडें, डोळ्याची नस असा एखादा नाजूक अवयव कायमचा निकामी होतो. किरणांचीं मापें ठरविणारें जें आंतरराष्ट्रीय मंडळ आहे, त्यानें १९७६ सालीं असें सांगितलें कीं, रोगाच्या ठिकाणीं प्रत्यक्ष पोंचणारी मात्रा ठरविलेल्या मात्रेहून शेंकडा ५ पेक्षां अधिक ढळूं देऊं नये. शेंकडा पांच म्हणजे विसांत एक. वाण्याच्या दुकानांत शेरामागें इतकें कमीजास्त झालें तर आपण भांडतहि नाहीं.

आतां ही मात्रा मोजतात कशी तें पाहूं. तिच्या मापाला ग्रे म्हणतात. लुई हॅरोल्ड ग्रे या ब्रिटिश शास्त्रज्ञाच्या नांवावरून तें पडलें. एक किलोग्रॅम पदार्थानें किरणांपासून एक ज्यूल इतकी ऊर्जा शोषून घेतली म्हणजे त्याला एक ग्रे मात्रा मिळाली. रोग्याला रोजची मात्रा साधारणपणें दोन ग्रे किंवा त्याहून किंचित् कमी असते. एक ज्यूल म्हणजे फार मोठी ऊर्जा असेल असें कोणास वाटेल. परंतु एक ग्रे मात्रेनें पाणी किती तापतें म्हणाल, तर एका अंशाच्या सुमारें चार हजाराव्या हिश्श्याइतकें! सबंध शरीराला एकाच वेळीं चार-पांच ग्रे मात्रा लागली व उपचार मिळाला नाहीं, तर अशा माणसांपैकीं सुमारें निम्मीं माणसें दगावतात. आणि तरीहि या घातक मात्रेंत जी उष्णता असते, ती चमचाभर ऊन चहा घशाखालीं गेल्यानें मिळणाऱ्या उष्णतेहून अधिक नसते. रोग्याला यंत्राखालीं निजल्यावर कांहींच जाणवत नाहीं तें यामुळेंच. विस्तवाचा चटका बसतां क्षणीं हात मागें येतो. येथें चटका नाहीं, वास नाहीं, रंग नाहीं. दोन ग्रे मिळाले कीं वीस, हें त्या क्षणीं रोगी सांगूं शकत नाहीं, डॉक्टरहि सांगूं शकत नाहीं. सांगतें तें फक्त मापनयंत्र, आणि तें मापनयंत्र वाचणारा मनुष्य.

हें मापनयंत्र म्हणजे अंगठ्याच्या टोंकाएवढी हवेची एक लहानशी डबी. किरण तींतून गेले म्हणजे हवेच्या कणांवर विद्युद्भार येतो, व तो तारेवाटे बाहेर आणून मोजतां येतो. मनुष्याचें शरीर बहुतांशीं पाण्यासारखेंच असल्यामुळें ही डबी पाण्याच्या टांकींत ठरावीक खोलीवर बुडवितात, यंत्र ठराविक वेळ चालू करतात, आणि एका मिनिटांत किती ग्रे मात्रा पडते तो दर काढतात. एकदां दर हातीं आला कीं पुढें त्रैराशिकच. रोग्याला इतके ग्रे द्यावयाचे, तर यंत्र किती मिनिटें चालू ठेवावें? हा दर काढण्याचें काम डॉक्टर करीत नाहीं, वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ करतो. रोग्याची व त्याची गांठ क्वचितच पडते. परंतु त्यानें काढलेला एकच आंकडा पुढें शेंकडों रोग्यांच्या अंगावरून जातो.

कोबाल्टच्या यंत्रांत आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी लागते. कोबाल्ट-६० चें तेज पांच वर्षें तीन महिन्यांत निम्में होतें, म्हणजे महिन्याला सुमारें शेंकडा एक या प्रमाणानें तें कमी होत जातें. म्हणून तोच उपचार द्यावयास महिन्यागणिक थोडा अधिक वेळ लागतो, आणि कांहीं वर्षांनीं जुना तुकडा काढून नवा बसवावा लागतो. नवा तुकडा बसविला कीं दर नव्यानें मोजणें आलें.

मध्य अमेरिकेंतील कोस्टा रिका या लहानशा देशाच्या राजधानींत, सान होजे येथें, सान हुआन दे दिओस नांवाचें रुग्णालय आहे. तेथें २२ ऑगस्ट १९९६ रोजीं कोबाल्टचा नवा तुकडा बसविण्यांत आला व दर मोजण्यांत आला. मोजतांना यंत्र ०.३ मिनिट चालू ठेवलें होतें. हिशेब करतांना मात्र ती वेळ ३० सेकंद अशी धरली गेली.

मुलांनो, येथें क्षणभर थांबा, आणि पुढची ओळ वाचण्यापूर्वीं ०.३ मिनिटाचे सेकंद किती तें मनाशीं काढा. मिनिटाचे सेकंद साठ. साठाचे तीन दशांश म्हणजे अठरा. तीस नव्हेत. माझ्या वर्गांत हाच प्रश्न घातला असतां निम्मीं मुलें ३० असें उत्तर देतात, आणि हीं मुलें मठ्ठ असतात असें मुळींच नाहीं. दशांशचिन्ह दिसलें कीं शंभराची संवय झालेलें मन घड्याळाची साठी विसरून जातें. रुपया-पैशांत शंभर, मीटर-सेंटिमीटरांत शंभर. एकटें घड्याळ तेवढें जुन्या चालीवर राहिलें आहे.

या चुकीचा परिणाम काय झाला, तो उदाहरणानें पाहूं. सोयीसाठीं आपण आपलेच आंकडे घेऊं. समजा, त्या १८ सेकंदांत ०.४५ ग्रे मात्रा मोजली गेली. तर मिनिटाचा खरा दर झाला १.५ ग्रे. परंतु हीच मात्रा ३० सेकंदांत पडली असें धरलें तर दर निघतो अवघा ०.९ ग्रे. आतां रोग्याला द्यावयाचे आहेत १.८ ग्रे. खऱ्या दरानें त्याला १.२ मिनिट पुरे होतें. चुकीच्या दरानें दोन मिनिटें निघतात. दोन मिनिटांत त्याच्या अंगावर पडले तीन ग्रे. रोज १.८ च्या जागीं तीन. पंचवीस दिवसांचा उपचार असेल तर ४५ च्या ठिकाणीं ७५! कोणाचें यंत्र बिघडलें नव्हतें, तार तुटली नव्हती. यंत्रानें सांगितल्याप्रमाणें चोख काम केलें. पुढें प्रत्येक रोग्याचें त्रैराशिक कोणी दहा वेळां तपासलें असतें तरी तें बरोबरच आलें असतें, कारण चूक त्रैराशिकांत नव्हती, मुळांतल्या दरांत होती.

सप्टेंबरअखेर ही गोष्ट उघडकीस आली, तोंवर ११५ रोग्यांना ही अतिमात्रा मिळाली होती. त्यांपैकीं कांहींचा मृत्यु या अतिमात्रेमुळेंच ओढवला, आणि कांहीं जन्माचे अधू झाले. नवा तुकडा जुन्याहून तेजस्वी असावयाचा, तेव्हां त्याला लागणारा वेळ जुन्या वेळेहून किती कमी यावयास पाहिजे, याचा अंदाज कागदावर दोन मिनिटांत काढतां येतो. जुनी वेळ व नवी वेळ शेजारीं शेजारीं मांडून कोणी पाहिली असती, तर तेवढ्यानेंहि शंका आली असती. दुसऱ्या कोणी दुसरी डबी घेऊन दर मोजला असता, तर पहिल्याच दिवशीं चूक सांपडली असती.

आतां याच्या उलट जातीची एक हकीकत सांगतों. माझ्या मतें ती पहिलीहून अधिक विचार करण्यासारखी आहे, कारण तिच्यांत कोणी भाजलें नाहीं, आणि म्हणूनच ती जवळजवळ दहा वर्षें कोणाच्या ध्यानांत आली नाहीं.

इंग्लंडांत स्टोक-ऑन-ट्रेंट येथें नॉर्थ स्टॅफर्डशायर रॉयल इन्फर्मरी नांवाचें इस्पितळ होतें. दिव्यापासून दुप्पट दूर गेलों तर उजेड निमपट न होतां चौथाई होतो, हा नियम तुम्हीं प्रकाशाच्या धड्यांत वाचला असेल. किरणांनाहि तोच नियम लागू आहे. यंत्राचा दर किरणांच्या उगमापासून १०० सेंटिमीटर अंतरावरचा असतो. पण कांहीं पद्धतींत रोगाची गांठ १०० सेंटिमीटरवर ठेवतात, म्हणजे रोग्याची त्वचा त्याहून जवळ, समजा ९० सेंटिमीटरवर, येते. जवळ आल्यामुळें किरणांचा जोर वाढतो. म्हणून वेळ कमी करावी लागते. किती? तर ९० चा वर्ग भागिले १०० चा वर्ग, म्हणजे ०.८१ नें गुणून. ही दुरुस्ती तेथील मंडळी हातानें करीत असत. १९८२ सालीं इस्पितळांत उपचाराची आंखणी करणारा संगणक आला. तो ही दुरुस्ती आपल्या हिशेबांत आधींच करून देत होता. परंतु ही गोष्ट कोणाच्या लक्षांत आली नाहीं, आणि संगणकानें दिलेल्या उत्तराला लोक जुन्या शिरस्त्याप्रमाणें पुन्हां हातानें दुरुस्ती करीत राहिले. एकाच पावतीचे पैसे दोनदां वळते करून घ्यावे, तसें हें झालें. आपल्या उदाहरणांत, शंभर मिळावयाचे त्या रोग्याला एक्याऐंशींच मिळाले.

हें १९९१ पर्यंत चाललें. त्या वर्षीं नवा संगणक आणला, जुन्या-नव्या आंखणींचा मेळ बसेना, तेव्हां शोध सुरू झाला. तोंवर १०४५ रोग्यांना ठरल्यापेक्षां शेंकडा ५ ते ३५ इतकी कमी मात्रा गेली होती.

इतकीं वर्षें कोणी कसें ओळखलें नाहीं? अतिमात्रा झाली तर कातडी लाल होते, सोलते, जुलाब लागतात, रोगी तक्रार करतो, डॉक्टर विचारांत पडतो. मात्रा कमी पडली तर रोग्याला बरेंच वाटतें! त्वचा स्वच्छ, भूक शाबूत. घरचीं माणसें म्हणतात, उपचार मानवला. मग दोन-तीन वर्षांनीं गांठ परत येते, आणि सर्वजण म्हणतात, रोगच मुळीं वाईट होता. कमी मात्रेची फिर्याद घेऊन कोणी येत नाहीं. कर्करोगाचा रोगी दगावला तर त्याचा दोष नेहमीं रोगावर ठेवला जातो, आणि पुष्कळ वेळां तो खराहि असतो. परंतु त्यामुळें मापाची चूक रोगाच्या आड दडून बसते. रोग्याच्या प्रकृतीकडे पाहून यंत्राची परीक्षा करूं असें म्हणणें म्हणूनच पुरेसें नाहीं. यंत्राची परीक्षा वेगळी, स्वतंत्र, आणि रोग्याच्या आधीं व्हावयास पाहिजे.

'स्वतंत्र' हा शब्द मीं जाणूनबुजून वापरला आहे. रकाना वरून खालीं बेरजेला घेतला आणि तोच पुन्हां वरून खालीं घेतला, तर पहिल्या खेपेस सात आठ चौदा असें जो म्हणाला तो दुसऱ्या खेपेसहि तेंच म्हणण्याचा संभव असतो. शहाणा कारकून दुसऱ्या वेळीं खालून वर जातो. गुणाकाराचा पडताळा गुणाकारानें न पाहतां भागाकारानें पाहावा, असें आपण शिकवितों त्यांतील इंगित हेंच. आणि मनुष्यहि दुसरा असेल तर उत्तम. बाजारांतील वाणी आपलीं वजनें कितीहि प्रामाणिकपणें वापरीत असो, सरकारी निरीक्षक ठराविक मुदतीनें येऊन तीं प्रमाण वजनांशीं ताडतो आणि शिक्का मारतो. त्यांत वाण्याचा अपमान नसतो. इंग्लंडांतच एक्झेटर येथें १९८८ सालीं कोबाल्टच्या एका नव्या तुकड्याचा दर चुकला व २०७ रोग्यांना शेंकडा २५ अधिक मात्रा मिळाली. ही चूक सांपडली ती त्या वेळीं देशभर चाललेल्या मापांच्या तुलनेंत, बाहेरून आलेल्या भौतिकशास्त्रज्ञांनीं आपल्या साधनांनीं तें यंत्र मोजलें तेव्हां.

परंतु जेथें सबंध देशांत एक-दोनच यंत्रें आहेत, तेथें बाहेरचा शास्त्रज्ञ कोठून आणावा? या अडचणीवर निघालेला उपाय मला फार आवडतो. व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुशक्ति संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांनीं १९६९ सालीं टपालानें तपासणी करण्याची व्यवस्था सुरू केली. लिथियम फ्लुओराइड नांवाची मिठासारखी पांढरी भुकटी असते. तिच्यावर किरण पडले तर त्यांची ऊर्जा ती आपल्यांत सांठवून ठेवते, आणि पुढें तिला तापविलें कीं ती ऊर्जा मंद प्रकाशाच्या रूपानें परत करते. जितके किरण अधिक, तितका प्रकाश अधिक. या भुकटीच्या लहानशा कुप्या टपालानें रुग्णालयाकडे धाडीत. तेथील शास्त्रज्ञानें त्या पाण्यांत ठेवून त्यांवर, आपल्या हिशेबानें, दोन ग्रे मात्रा सोडावी आणि कुप्या परत पाठवाव्या. व्हिएन्नाजवळ झायबर्सडॉर्फ येथील प्रयोगशाळेंत त्या तापवून खरोखर किती मात्रा पडली तें वाचीत. शेंकडा पांचाच्या आंत फरक असला तर ठीक. नाहीं तर पुन्हां कुप्या, पत्रें, आणि जरूर पडल्यास माणूसहि रवाना. २०१७ पासून या भुकटीच्या जागीं कांचेचीं बारीक कांडें पाठविण्यांत येतात, पण रीत तीच आहे. शंभराहून अधिक देशांतील इस्पितळांनीं याचा लाभ घेतला आहे. अगदीं आरंभींच्या वर्षांत तपासलेल्या यंत्रांपैकीं सुमारें निम्मींच या पांच टक्क्यांच्या कसोटीस उतरत. अलीकडे शेंकडा पंचाण्णवांहून अधिक उतरतात. मधल्या काळांत औषध कोणतेंहि नवें निघालें नाहीं असें नव्हे, परंतु एवढ्या एका टपाली पुडक्यानें किती रोग्यांचें हित झालें असेल याची गणती कोणी करूं शकणार नाहीं.

आपल्या देशांत हीं प्रमाण मापें मुंबईस ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत जतन केलेलीं आहेत. वर सांगितलेली हवेची डबी इस्पितळें तेथें ताडून घेतात, आणि टपालानें तपासणी करण्याचें कामहि तें केंद्र आपल्याकडील रुग्णालयांसाठीं करतें. यंत्र बसविण्यास व चालविण्यास परवाना देणें, नियम घालणें, हें १९८३ सालीं स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक परिषदेचें काम. तिचेंहि ठाणें मुंबईसच आहे. पूर्वींच्या हिशेबनिसांच्या भाषेंत बोलावयाचें तर, एकानें खतावणी लिहावी, दुसऱ्यानें ती तपासावी, आणि दोघांच्याहि वर तिसरा एक असावा, अशी ही रचना आहे.

येथवर 'किती' याचा विचार झाला. पण अलीकडच्या काळांत 'कोठें' हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा होऊन बसला आहे. पूर्वीं किरणांचा झोत चौकोनी असे, व गांठीभोंवतीं बरीच निरोगी जागा त्यांत सांपडे. आतां यंत्राच्या मुखाशीं टंगस्टन धातूच्या कित्येक बारीक पट्ट्या असतात. त्या एकेकट्या पुढें-मागें सरकून झोताला गांठीचाच आकार देतात, आणि यंत्र रोग्याभोंवतीं फिरत असतां तो आकार क्षणोक्षणीं बदलतातहि. मेंदूंतील लहान गांठीला तर सगळी मात्रा एका किंवा थोड्या बैठकींत देतात. तेथें दोन-तीन मिलिमीटर नेम चुकला तर गांठ सुटली आणि शेजारची नस मेली, असा प्रकार व्हावयाचा.

हा नेम तपासण्याची एक युक्ति पाहा. बोस्टन येथील लुट्झ, विन्स्टन व त्यांचे सहकारी यांनीं ती १९८८ सालीं प्रसिद्ध केली. ज्या बिंदूभोंवतीं यंत्र फिरतें, त्या बिंदूवर धातूची एक लहानशी गोळी अधर धरून ठेवतात. मग यंत्र वेगवेगळ्या बाजूंस फिरवून प्रत्येक बाजूनें गोळीवर बारीक झोत सोडतात आणि पलीकडे छायाचित्र घेतात. चित्रांत झोताचें वर्तुळ उमटतें आणि त्यांत गोळीची सांवली. प्रत्येक चित्रांत सांवली वर्तुळाच्या अगदीं मध्यावर आली पाहिजे. ती एका अंगाला सरकलेली दिसली, तर यंत्राचा सांगाडा, खाट, किंवा भिंतीवरून नेम धरणारे प्रकाशाचे किरण, यांपैकीं कोणीतरी ढळलें आहे असें समजावें. मिलिमीटरभर चूकहि येथें डोळ्यांना दिसते. इतकी साधी आणि इतकी सुंदर परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेंतहि मेणबत्ती व गोटी घेऊन करून दाखवितां येईल.

पट्ट्या सरकविणारा संगणक. त्याला कोणत्या क्षणीं कोणती पट्टी कोठें, तें सांगणारी यादी हजारों आंकड्यांची. ती मनुष्याला डोळ्यांनीं तपासणें शक्य नाहीं. म्हणून रोग्याला निजविण्यापूर्वीं सगळा उपचार एकदां मापनयंत्रें भरलेल्या निर्जीव ठोकळ्यावर करून पाहतात. ही नाटकाची रंगीत तालीमच म्हणा ना! ही तालीम आधीं करावयाची, मागाहून नव्हे. न्यू यॉर्क शहरांतील एका रुग्णालयांत मार्च २००५ मध्यें एका रोग्याची आंखणी मध्येंच बदलली. बदललेली आंखणी सांठवून ठेवतांना संगणक अडखळला, व पट्ट्यांच्या जागा त्यांत नोंदल्याच गेल्या नाहींत. तीन दिवस पट्ट्या सताड उघड्या होत्या, आणि जेथें अरुंद फटींतून किरण जावयाचे तेथें त्यांचा लोंढा त्या रोग्याच्या मानेंत व मेंदूच्या तळाशीं शिरला. पट्ट्या उघड्या असल्याचें चित्र संगणकाच्या पडद्यावर दिसत होतें. तिकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. ठोकळ्यावरची तालीम झाली ती तिसऱ्या दिवसाच्या उपचारानंतर, आणि तिनें चूक तत्काळ दाखविली. तो रोगी दोन वर्षांनीं वारला. परीक्षा बरोबर होती, परीक्षकहि जाणता होता. फक्त तीन दिवस उशीर झाला होता.

आतां दोन शब्द पालकांसाठीं. आपल्यापैकीं कोणाच्या ना कोणाच्या घरीं, नात्यांत किंवा शेजारीं, हा उपचार घेणारें माणूस असेल. इस्पितळांत सकाळीं लवकर पोंचावें, आणि यंत्राची तपासणी चालली आहे म्हणून अर्धा तास बाहेर बसवून ठेवावें, याचा राग येणें साहजिक आहे. त्या अर्ध्या तासांत आंत पहिल्या रोग्याच्या जागीं ठोकळा ठेवून कालचा दर व आजचा दर ताडून पाहत असतात. अमेरिकेंतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या मंडळानें २००९ सालीं घालून दिलेल्या मर्यादा अशा आहेत कीं, रोजच्या तपासणींत फरक शेंकडा तीनाच्या आंत असावा, महिन्याच्या तपासणींत दोनाच्या, आणि वार्षिक तपासणींत एकाच्या. यंत्र आज बंद आहे, उद्यां या, असें कधीं सांगितलें तर तें नेहमींच ढिलाईचें लक्षण समजूं नये. माझा हिशेब दुसऱ्या कोणी तपासला आहे काय, असें डॉक्टरांना किंवा तेथील भौतिकशास्त्रज्ञांना नम्रपणें विचारण्यासहि कांहीं हरकत नाहीं. चांगल्या ठिकाणीं हा प्रश्न कोणी मनावर घेत नाहींत, उलट कागद काढून दाखवितात.

आणखी एक. उपचाराच्या आरंभीं रोग्याच्या अंगावर शाईच्या रेघा काढतात, किंवा गोंदणाचे दोन-चार बारीक ठिपके देतात. डोक्या-मानेचा उपचार असेल तर ऊन पाण्यांत मऊ होणारी प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर बसवून तिचा मुखवटा तयार करतात, म्हणजे रोज मस्तक त्याच जागीं, त्याच कलानें राहतें. भिंतींतून येणाऱ्या प्रकाशाच्या रेषा या खुणांवर जुळल्या म्हणजे गांठ नेमक्या बिंदूवर आली असें समजतात. घरच्या मंडळींना या रेघा म्हणजे मळ वाटतो, आणि कोणी आजी मायेनें त्या चोळून धुऊन काढते. तसें करूं नये. आणि घामानें किंवा अंघोळीनें खूण पुसट झाली, तर ती घरीं पेनानें पुन्हां गिरवूंहि नये. दुसऱ्या दिवशीं जाऊन तेथील तंत्रज्ञास दाखवावी, म्हणजे तो मोजून ती पुन्हां काढील.